जुन्या रायफलीचा दस्ता व जवसाचे तेल

सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस कुऱ्हाडीचा दांडा परिचयाचा आहे. रायफलीचा दस्ता मात्र क्वचितच कोणी हाती धरला असेल. तरी दोहोंच्या लाकडाचे पथ्य बहुतांशी एकच असल्याने हा पाठ सर्वांच्या उपयोगी पडेल, अशी आम्हांस आशा आहे.

१९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत नेमबाजी शिकविण्याकरिता ०.२२ इंची रायफली वापरल्या गेल्या. हिच्या काडतुसात ठिणगी देणारे द्रव्य बुडाच्या मध्यभागी नसून बुडाच्या कडेत भरलेले असते. हिचा धक्का सौम्य, त्यामुळे दस्ता सहसा फुटत नाही. त्याचे खरे शत्रू तीन : हाताचा घाम, यंत्रातून झिरपणारे खनिज तेल आणि दुरुस्ती करणाराचा उतावळा हात.

तिसऱ्या शत्रूचा अनुभव आम्ही स्वतःच घेतला आहे. एका जुन्या दस्त्यास उजळा देण्याच्या भरात आम्ही पॉलिशपेपर घासला. लाकूड नव्यासारखे दिसू लागले. पण त्यावर ठोकलेला क्रमांक अर्ध्या तासात नाहीसा झाला, व लोखंडालगतची लाकडाची कडा खाली गेली. तो क्रमांक आता कोणत्याही उपायाने परत येणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. रायफल रिकामी असल्याची खात्री परवानाधारकाने करावी व दस्ता जाणत्या कारागिराकडून सोडवून घ्यावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे हे काम मुलांचे नव्हे. मग टर्पेंटाइनने किंचित ओलावलेल्या फडक्याने मळ पुसावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. पोचा असेल तर त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. मात्र ठोकलेल्या अक्षरांजवळ हे करू नये, कारण तीही दबलेल्या तंतूंचीच बनलेली असतात व वाफेने पुसट होतात.

दस्ता मूळचा तेल दिलेला असेल, तर बाजारात मिळणाऱ्या उकळलेल्या जवस तेलाचे चार थेंब तळहाताने चोळावे, पाव तासाने उरलेले सर्व पुसून घ्यावे व एक दिवस वाळू द्यावे. असे अनेकदा करावे. जवसाचे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. जाड थर दिल्यास वरचा पापुद्रा सुकतो व आत चिकट राहते. अक्राणीच्या पावसाळी दमट हवेपेक्षा तापीकाठचा कोरडा हिवाळा या कामास बरा.

याच क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलकट फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून फडकी पाण्यात बुडवावी किंवा अंगणात सुटी पसरून वाळवावी. पालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग प्रथम घरच्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर वडीलधाऱ्यांच्या देखत, पाते काढून करून पाहावा. मात्र फडके हाती घेण्यापूर्वी लाकडावर काय कोरले आहे, हे एकदा नीट वाचून वहीत उतरून घ्यावे. आम्ही तेवढेच करावयाचे विसरलो होतो.