पाणी फिरतंय, तरी प्रोसेसर ९५ अंशांवर?

प्रश्न : रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसरचा नवा डेस्कटॉप जुळवून घेतला, सोबत २४० मिमीचा वॉटर कूलर. व्हिडिओ रेंडर करायला लावला की तापमान थेट ९५ अंशांवर! कूलर बिघडलाय का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : घाबरू नका. पूर्ण भाराखाली ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन वेग काढायचा, अशीच एएमडीने या प्रोसेसरची रचना केली आहे. शिवाय वॉटर कूलर म्हणजे फ्रीज नव्हे. तो उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकली, तर पाणी त्याखाली कसं जाणार?

खरी परीक्षा काम नसतानाची. तेव्हा ४० ते ५५ अंश दिसले तर ठीक.

सुरू करताच पारा ८० पार गेला, तर संशय पंपावर. बायॉसमध्ये त्याचे आरपीएम शून्य दिसले, तर केबल तपासा. मग दोन्ही नळ्या चाचपा : एक कढत, दुसरी गार असेल, तर पाणी अडलंय. पंप रेडिएटरपेक्षा उंचावर असला, तर त्यात हवा अडकते आणि गुरगुर ऐकू येते. आणि हो, कूलरच्या तांब्याच्या पत्र्यावरची पारदर्शक फिल्म काढायची राहून जाते, तीही भल्याभल्यांकडून!

सगळं ठीक असूनही आकडा खुपत असेल, तर बायॉसमध्ये ६५ वॉटचा इको मोड लावा. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, पण तापमान चांगलंच उतरेल.

सीलबंद कूलर उघडून पाणी भरण्याच्या फंदात मात्र पडू नका. गळती दिसली, तर आधी प्लग काढा.