जड शिसे, हलके लिथियम

जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगर नावाची वसाहत आहे. येथे मोठे औष्णिक विद्युत केंद्र आहे. आगगाडीच्या वाघिणींतून कोळसा येतो, तापी नदीवरील हतनूर धरणातून पाणी येते आणि या दोहोंच्या मिलाफातून वीज जन्माला येते. १९६८ मध्ये येथील पहिला संच सुरू झाला, तेव्हा त्याची क्षमता ६२.५ मेगावॅट होती. पुढे येथे प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन प्रचंड संच उभे राहिले.

अशा केंद्रातील एखाद्या कामगाराची कल्पना करा. रात्रपाळी संपवून तो बाहेर येतो, मोटारसायकलवर बसतो आणि बटण दाबतो. ‘टक्’ असा क्षीण आवाज होतो. इंजिन काही सुरू होत नाही. रात्रभर ज्याच्या डोळ्यांदेखत कोट्यवधी वॅट वीज निर्माण झाली, तोच गृहस्थ घरी जाण्यापुरत्या मूठभर विजेवाचून अडतो! त्याची बॅटरी निकामी झालेली असते.

तो दुकानात जातो. दुकानदार त्याच्यापुढे दोन बॅटऱ्या ठेवतो. एक जड आणि स्वस्त; दुसरी हलकी, पण कित्येक पटींनी महाग. पहिली शिशाची, दुसरी लिथियमची. “यांतली चांगली कोणती?” असा प्रश्न त्याला पडतो. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी दोघींचेही गुणदोष पारखले पाहिजेत.

शिशाची बॅटरी वयाने ज्येष्ठ आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ती तयार केली. शिसे आणि शिशाचे ऑक्साइड यांच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. अशा एका घरातून सुमारे दोन व्होल्ट दाब मिळतो. म्हणून मोटारसायकलच्या बॅटरीत अशी सहा घरे जोडून बारा व्होल्ट साधतात.

लिथियमची बॅटरी त्या मानाने तरुण आहे. लिथियम हा सर्व धातूंत हलका. त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ निम्मी, तर शिशाची पाण्याच्या अकरा पटींहून अधिक. या धातूचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात आणि बॅटरी भरताना उलट परततात. ही युक्ती साधण्यासाठी अनेक वर्षे संशोधन चालले होते. १९९१ मध्ये अशी बॅटरी बाजारात आली आणि त्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंजिन सुरू करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीत बहुधा लोह आणि फॉस्फेट यांचाही उपयोग करतात. तिच्या एका घराचा दाब ३.२ व्होल्ट असतो. म्हणून चार घरांतच काम भागते.

आता तिचे गुण पाहू. तीन-चार किलो वजनाच्या शिशाच्या बॅटरीचे काम एक-सव्वा किलोची लिथियम बॅटरी करू शकते. इंजिनाला पहिला झटका देण्यासाठी क्षणभर पुष्कळ विद्युतप्रवाह लागतो. तो ती जोमाने पुरवते. ती लवकर भरते. दोन-तीन महिने गाडी उभी राहिली, तरी तिच्यातील साठा फारसा ओसरत नाही. शिशाची बॅटरी मात्र अशी पडून राहिली, की हळूहळू रिकामी होते आणि तिच्या पट्ट्यांवर कठीण थर जमून ती कायमची दुबळी बनते. लिथियमच्या बॅटरीत सांडण्यासारखे आम्ल नसते आणि योग्य निगा राखल्यास ती अधिक वर्षे टिकते.

इतके गुण ऐकून हलक्या बॅटरीकडेच मन ओढ घेईल. पण तिच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. शिशाची बॅटरी सोशिक आहे. भरताना दाब थोडा अधिक झाला, तर ती तो सोसते. लिथियमच्या बॅटरीला असा अतिरेक खपत नाही. तिला साडेचौदा व्होल्टच्या आसपास भरायचे असते. जुन्या मोटारसायकलचा दाबनियंत्रक बिघडून पंधरा व्होल्टच्या पलीकडे गेला, तर ही महाग बॅटरी खराब होते. ती अगदी रिकामी होऊ देणेही घातक असते. म्हणून चांगल्या बॅटरीत तिच्यावर पहारा ठेवणारे एक छोटे विद्युत-मंडल बसवलेले असते. तो पहारेकरी नसेल, तर स्वस्तात मिळालेली बॅटरी अखेरीस महाग पडते.

शिशाची बॅटरी थकू लागली, की दिवा मंद होतो, भोंग्याचा आवाज बसतो. ती पूर्वसूचना देते. लिथियमची बॅटरी शेवटपर्यंत जवळजवळ सारख्याच दाबाने काम करते आणि मग एकाएकी थांबते. शिवाय तिच्यातील एकूण साठा बहुधा कमी असतो. इंजिन बंद ठेवून दिवा बराच वेळ जळत ठेवला, तर ती शिशाच्या बॅटरीच्या आधी हात टेकते.

हवामानाचाही विचार केला पाहिजे. लडाखच्या थंडीत लिथियमची बॅटरी पहाटे सुस्तावते. शून्य अंशाखालील तापमानात ती भरणे तर हानिकारकच ठरते. खानदेशात ही अडचण नाही. येथे प्रश्न आहे तो वैशाखातील उन्हाचा. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढतो आणि त्यात इंजिनाच्या धगीची भर पडते. उष्णता ही दोन्ही बॅटऱ्यांची वैरीण आहे. त्यामुळे दोघींचेही आयुष्य घटते. म्हणून गाडी सावलीत उभी करणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. लिथियमच्या बॅटरीत आतल्या आत बिघाड झाला, तर उष्णता वाढते, वाढलेल्या उष्णतेने बिघाड आणखी वाढतो आणि अखेरीस ती पेट घेते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी रात्री घरात भरण्यास लावली असता तिचा स्फोट झाला आणि एका बालकाचा अंत झाला. त्याच वर्षी देशात अशा वाहनांना आगी लागण्याच्या इतरही घटना घडल्या. तेव्हा सरकारने बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम अधिक कडक केले. स्कूटर चालवणारी बॅटरी पुष्कळ मोठी असते आणि इंजिन सुरू करणारी बॅटरी लहान. लोह-फॉस्फेटचा प्रकार अधिक स्थिरही असतो. तथापि लहान आहे म्हणून निष्काळजी राहणे बरे नव्हे. कोणतीही लिथियम बॅटरी झोपण्याच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत भरू नये. तिच्यासाठी नेमलेलाच चार्जर वापरावा. ती फुगलेली दिसली, तर तिला दाबू किंवा टोचू नये. मोठ्यांना तत्काळ सांगावे. धूर निघाला, तर वस्तू वाचवत न बसता घराबाहेर पडावे आणि १०१ या क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.

शिशाची बॅटरीही निरुपद्रवी नाही. तिच्यातील आम्लाने कातडी भाजते. ती भरताना निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेटतो. शिसे तर विषच आहे आणि ते लहान मुलांच्या मेंदूला विशेष अपाय करते. जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसे वितळवणारा आपल्याच वस्तीची माती नासवतो. मात्र जुनी बॅटरी परत दिली, तर दुकानदार तिची किंमत वळती करून देतो. त्यामुळे शिसे पुन्हा उपयोगात येते. लिथियमच्या बॅटऱ्यांची अशी परतीची वाट अजून तितकी रुळलेली नाही. भारत सरकारच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या कचऱ्यात न टाकणे, एवढे काम आपले.

मग त्या कामगाराने कोणती बॅटरी घ्यावी? रोज कामावर जाणाऱ्या साध्या गाडीसाठी दोन किलो वजन वाचवून त्याला फारसा लाभ नाही. शिशाची बॅटरी त्याला परवडेल आणि कोणत्याही गावात मिळेल. ज्याची गाडी महिनोन्महिने उभी असते किंवा ज्याला वजनाचा काटेकोर हिशेब ठेवावा लागतो, त्याने लिथियमचा विचार अवश्य करावा. मात्र आधी गाडीच्या माहितीपुस्तिकेत तशी अनुमती आहे का, हे पाहावे आणि दाबनियंत्रक तपासून घ्यावा.

औष्णिक विद्युत केंद्रांत एक खोली बॅटऱ्यांसाठी राखून ठेवलेली असते. केंद्रातील सर्व वीज अकस्मात गेली, तर यंत्रांना तेल पुरवणारे संकटकालीन पंप आणि नियंत्रणाची उपकरणे याच बॅटऱ्यांवर चालतात. तेथे बॅटऱ्यांचे वजन कोणी मोजत नाही. अंधारात ती भरवशाने काम करील की नाही, एवढेच पाहतात. दुकानात उभ्या असलेल्या त्या कामगारानेही आपली गरज आधी नीट ओळखली, तर निवड करणे त्याला अवघड जाणार नाही.

स्वाध्याय

१. दीपनगरच्या कामगाराची अडचण लेखात विसंगत का वाटते?
२. ‘शिशाची बॅटरी सोशिक आहे’ हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. खानदेशात आणि लडाखमध्ये बॅटरीपुढे कोणत्या निरनिराळ्या अडचणी येतात?
४. ‘हात टेकणे’ आणि ‘वाट रुळणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या दुचाकीची बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, ती कोठे बसवली आहे व जुनी बॅटरी कोठे दिली, याची मोठ्यांकडून माहिती घेऊन दहा ओळी लिहा.