सातबारा वाचायला शिकूया

'सातबारा आणा' असे आपण घरात नेहमी ऐकतो. हा सात आणि बारा आला कुठून? मी विचारून घेतले, ते इथे लिहितो.

गावच्या दप्तरात बरेच नमुने असतात. नमुना 7 मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असते. नमुना 12 मध्ये शेतात कुठले पीक आहे ते असते. दोन्ही मिळून झाला सातबारा. क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहितात. 100 आर म्हणजे 1 हेक्टर.

पूर्वी तलाठी उतारा हाताने लिहून सही करीत. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात संगणकावरची सही असलेला सातबारा मिळू लागला. त्यावर पुन्हा सही-शिक्का लागत नाही.

2021 सालापासून पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो. तिला ई-पीक पाहणी म्हणतात. फोटो शेतात उभे राहूनच काढायचा, कारण जागाही नोंदली जाते. पण बांधावर रेंज नसली तर? आजीकडे साधाच फोन असला तर? नोंद राहिली की सातबाऱ्यावर भात-नागली दिसत नाही. मग अवकाळीने भात आडवा झाला, तर भरपाई मागताना अडचण येऊ शकते.

म्हणून आपण पोरांनी एक काम करावे. घरचा आणि शेजारच्या आजीआजोबांचा सातबारा मोठ्याने वाचून दाखवावा. नाव, क्षेत्र, पीक बरोबर आहे ना, ते विचारावे. चूक सापडली तर लगेच मोठ्यांना सांगावे.