नववीची शाळा सातवीतच बघून ठेव

तू विचारलंस, लेक सहावीत आहे, शाळा चांगली आहे, पण आठवीपर्यंतच आहे. आताच काढून दहावीपर्यंतच्या शाळेत घालू की आठवी होऊ देऊ? वाशिम म्हण, रिसोड म्हण, मंगरुळपीर म्हण, ज्या घरात इंग्रजी शाळेत जाणारं लेकरू आहे तिथं उन्हाळ्यात हाच विषय. घरातले म्हणतात, आतापासून कशाला डोकं लावते? शेजारीण म्हणते, सीबीएसईच घे. माझं मत मी आधीच सांगते. आठवीपर्यंतची शाळा मुळीच वाईट नसते, पण आठवीचा निकाल हातात घेऊन नववी शोधत फिरणं वाईट. बदलायची असेल तर सातवी झाल्यावर बदल.

शाळा आठवीला थांबते यात लपवाछपवी नसते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीचाच आहे. जिल्हा परिषदेतही आठवीपर्यंतचा कारभार प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि नववीपासूनचा माध्यमिककडे. नववी-दहावीला वेगळी मान्यता लागते, प्रयोगशाळा लागते, विषयाचे बीएड झालेले शिक्षक लागतात. आपल्याकडच्या छोट्या संस्थांना हा खर्च झेपत नाही. जी शाळा तोंडावर सांगते की बाई, आमच्याकडे आठवीपर्यंतच, तिचा मला आदरच वाटतो. भीती वाटते ती 'पुढच्या वर्षी नववी काढतोय' म्हणणाऱ्यांची. वर्ग इथं भरतो आणि पोरांची नावं भलत्याच शाळेच्या पटावर असतात. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की आईबापांना ते कळतं.

म्हणून तोंडी शब्दावर जाऊ नको. शाळेचा अकरा अंकी यूडायस नंबर माग. केंद्र सरकारच्या यूडायसच्या संकेतस्थळावर शाळा कोणत्या वर्गापर्यंत आहे ते सरळ दिसतं. पाटीवर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलं असेल तर संलग्नता क्रमांक विचार, आणि ती मान्यता आठवीपर्यंतची की दहावीपर्यंतची तेही विचार. पॅटर्न म्हणजे मान्यता नव्हे. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते, तेव्हा तिथं नववीत गेलेलं लेकरू मध्येच हलवणं सोपं नसतं.

आता आरटीईचं, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्यातल्या प्रवेशाचं. तुझ्या जावेनं पंचवीस टक्के राखीव जागांतून मुलाला घातलंय ना, तिलाही हे सांग. सरकार त्या जागेची फी शाळेला देतं ती आठवीपर्यंतच. शाळा दहावीपर्यंत असली तरी नववीची फी आपल्यालाच भरावी लागते. आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या हातात नववीच्या फीची चिठ्ठी पडली ती जूनच्या शेवटी, शाळा उघडायच्या तोंडावर. सोयाबीनची पेरणी नुकतीच झालेली, बियाणं-खतात घरातला पैसा गेलेला. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो आणि फी जूनमध्ये मागतात. आठ वर्षं फी भरायची वेळच आली नव्हती, म्हणून ती माउली बेसावध राहिली.

आणि सातवीनंतर बदल असं मी का म्हणते, त्याचं खरं कारण एनएमएमएस. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा होते, बुद्धिमत्तेचा एक पेपर आणि शालेय विषयांचा एक. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना 50. पण बसता येतं ते सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगर परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवी शिकणाऱ्यालाच. विनाअनुदानित शाळेत आठवी काढली की ही संधी गेली, मग पोरगी कितीही हुशार असो. पुढचं शिक्षणही तसल्याच शाळेत घ्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी हुशार लेकरं केवळ घरच्यांना ठाऊक नसल्यानं या परीक्षेला मुकतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. शिवाय अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी माफ आहे. वाचलेल्या पैशात लेकीची पुस्तकं होतील, गणिताची शिकवणी होईल.

अनुदानित हायस्कूल बहुतेक पाचवी ते दहावी असतं. तिथल्या शिक्षकांच्या नजरेखालून तुझी लेक तीन वर्षं गेली तर दहावीपर्यंत तिचं कच्चं-पक्कं त्यांना माहीत होतं. नववीत नव्यानं आलेल्या मुलीला वर्ग, बाई, मैत्रिणी ओळखीचे होईतो सहामाही उरकते. त्यात आपली विदर्भातली शाळा उन्हापायी जूनच्या शेवटी उघडते, दिवस आधीच कमी मिळतात.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. भाषेची. अशा हायस्कुलातल्या सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं, त्याची काळजी नाही. इतिहास-भूगोल मराठीतून येतो. इंग्रजी शाळेतून आलेल्या माझ्या भाचीला मी भूगोलाचं पुस्तक वाचायला दिलं होतं. गोष्ट असती तर घडाघडा वाचली असती, पण 'अक्षवृत्त' आणि 'रेखावृत्त' आलं तिथं बोट ठेवून अडली. लॅटिट्यूड म्हटल्याबरोबर तिनं पृथ्वीगोलावर बरोबर दाखवलं. तिला येत सगळं होतं, मराठी शब्द तेवढे नवे होते. ते शब्द बसायला आठवीचं वर्ष पुरतं. तेच नववीत सुरू केलं तर लगेच दहावी डोक्यावर येते. तू आतापासून रोज अर्धा तास मराठी पेपर मोठ्यानं वाचून घे तिच्याकडून.

दहावीपर्यंतच्या खासगी शाळेतच ठेवायचं असं घरात ठरलं आणि चार वर्षांची फी झेपत असेल, तर खुशाल ठेव. फक्त फी कशी वाढते ते पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत विचार. एकदा ठरलेली फी दोन वर्षं वाढवता येत नाही, असा महाराष्ट्राचा कायदा आहे. वाशिमच्या नवोदयचीही आशा सोडू नको. सहावीचा प्रवेश हुकला असला तरी नववीत रिकाम्या जागांसाठी परीक्षा होते, आणि आठवी आपल्याच जिल्ह्यात शिकत असली की फॉर्म भरता येतो. पण जागा मोजक्याच असतात, तेव्हा तेवढ्यावर विसंबून राहू नको.

आणि बाई, शाळा निवडताना रस्ता बघ. व्हॅन आठवीपर्यंत दाराशी येते, पुढे एसटी. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण गाडी सकाळी वेळेवर येते का, संध्याकाळी परतीची किती वाजता आहे, फाट्यापासून घरापर्यंत उजेड आहे का, हे तू स्वतः जाऊन बघ. आपल्याकडे कितीतरी पोरींची शाळा नववीत सुटते ती अभ्यासापायी नव्हे, या शेवटच्या दोन किलोमीटरपायी. नामांकित पण लांबच्या शाळेपेक्षा वेळेवर एसटी मिळणारी साधी अनुदानित शाळा मी डोळे झाकून निवडीन.

दिवाळीच्या सुट्टीआधी, शाळा भरलेली असताना, जवळची दोन हायस्कुलं बघून ये. लेकीला सोबत ने. मुख्याध्यापकांना विचार, आठवीत किती जागा आहेत आणि एनएमएमएसची तयारी कोण करून घेतं. आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेव. जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते.