शाळेचा निरोप
(वाचावे : प्रेषितांची कृत्ये २०:१७–३८)

सावित्रीच्या मुखाशी, बागमांडल्यासमोर, बाणकोट आहे. तेथे १८२३ साली स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल आले व त्याच वर्षी निवर्तले. मागून आलेल्या बंधूंनी आसपासच्या गावी मराठी शाळा चालविल्या. पुढील दशकात मिशनने ते ठाणे सोडले. तेव्हा लहान शाळेचा वियोग ह्या किनाऱ्यास नवा नाही.

पौलाने इफिसात तीन वर्षे शिकविले. मिलेतास त्याचा निरोप घेताना वडील फार रडले, व त्याला तारवापर्यंत पोहोचवावयास गेले. परंतु वाचकहो, अश्रूंपूर्वी त्याने कळप त्यांच्या स्वाधीन केला, हा क्रम पाहा.

आमच्या मते शाळा बंद होतानाही हाच क्रम असावा, हारतुरे मागाहून. प्रथम एकेका मुलाचे नाव घेऊन विचारावे, हे उद्या कोठे बसेल? महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी. पण मध्ये खाडी आली की नुसते अंतर मोजून काय उपयोग? कोळ्याची मुलगी तरीची वाट पाहून कंटाळते व घरीच राहते.

मग प्रत्येकाच्या हाती दाखला द्यावा, व जनरल रजिस्टर जपावे. जन्मतारीख त्यातच असते. वीस वर्षांनी कोणी ती शोधीत येईल, तेव्हा ती वही कोठे आहे हे मंडळीच्या वडिलांस सांगता आले पाहिजे.