हीटरचे बटण

आमचे घर खर्डीला आहे. हिवाळ्यात येथे रात्री गारठा पडतो. आमच्या काचेच्या टाकीत एंजल मासे आहेत. हे उष्ण प्रदेशातील मासे. त्यांना सुमारे २५ अंश सेल्सिअस उबदार पाणी लागते. म्हणून अब्बांनी टाकीत विजेचा हीटर बसवला आहे.

एका रविवारी मी टाकीतील पाणी बदलू लागलो. हीटर बंद करायला मी विसरलो. पाणी कमी झाले आणि हीटर उघडा पडला. तो फार तापला. मी वरून थंड पाणी ओतले. तड् असा आवाज झाला. हीटरची काच फुटली! मी पाण्यात हात घालणार, इतक्यात अब्बा ओरडले, "थांब! पाण्यात वीज उतरली असेल."

त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग हीटर बाहेर काढला. मासे वाचले आणि मीही वाचलो.

अब्बा म्हणाले, "आधी बटण बंद कर. हीटर निवू दे. मगच पाणी काढ. टाकी भरल्यावर बटण पुन्हा चालू करायला विसरू नकोस; नाहीतर मासे गारठतील."

आता बटणाजवळ मी चिठ्ठी लावली आहे : 'आधी बंद, शेवटी चालू.'

शब्दार्थ : गारठा – थंडी, निवणे – थंड होणे.

स्वाध्याय
१. हीटरची काच का फुटली?
२. अब्बांनी सर्वांत आधी काय केले? का?