कॅमेऱ्यावरचं नाव बदलतं तेव्हा

तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला पाऊस ठरलेलाच. माझ्या लेन्सच्या माउंटभोवतीची (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तो जोड) बारीक रबरी पट्टी तिथंच फाटली आणि आतल्या काचेवर बाष्प धरलं. वस्तू किरकोळ, पण मिळेना. लेन्सच्या कंपनीचा कॅमेऱ्याचा धंदा त्याआधीच दुसऱ्याने घेतला होता. जुन्या सर्व्हिस सेंटरने नव्या मालकाकडे बोट दाखवलं, नव्याने ‘हे मॉडेल आमच्याकडे येत नाही’ म्हणत हात वर केले.

कॅमेऱ्यावरच्या त्या जुन्या नावावर माझा जीव होता. 2015 च्या सिंहस्थात त्र्यंबकच्या कुशावर्तावर त्याच कॅमेऱ्याने मी काम केलं. विक्रीची बातमी आली तेव्हा आम्हा फोटोवाल्यांत दोन तट पडले. काही म्हणाले, सगळं विकून मोकळे व्हा. काही म्हणाले, आपला ब्रँड सोडायचा नाही. बॅगेत पडलेल्या लेन्सचं पुढे काय, हे कोणीच विचारलं नाही, आणि खरा पैसा तर तिथंच अडकलेला असतो.

म्हणून ब्रँड विकला गेला की आधी माउंट पाहा. कोनिका मिनोल्टाने 2006 मध्ये कॅमेरे बंद केले, कॅमेऱ्यांवरून ते नाव पुसलं गेलं. पण मिनोल्टाचा 1985 चा माउंट सोनीने पुढे चालवला आणि लोकांच्या जुन्या लेन्स कामाला येत राहिल्या. पेंटॅक्स 2011 मध्ये रिकोकडे गेलं, तरी 1975 चा के माउंट टिकला. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग 1 जानेवारी 2021 ला वेगळ्या कंपनीत गेला. 2022 च्या ओएम-1 वर ‘ऑलिंपस’च होतं, त्यानंतरच्या ओएम-5 वर ‘ओएम सिस्टिम’ आलं. मायक्रो फोर थर्ड्स माउंट मात्र तोच, आणि तो पॅनासॉनिकही वापरते. दोन कंपन्यांचा सामायिक माउंट असेल तर मी निम्मा निर्धास्त असतो.

घाईने विकू नका, सामान पडत्या भावात जातं. एक जादा बॅटरी, आयकप, रबरी पट्ट्या लगेच घेऊन ठेवा. बॅटऱ्यांचा साठा मात्र करू नका, पडून पडून त्या खराब होतात.

2027 च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकमधली पोरं हप्त्यांवर कॅमेरे घेतील. त्यांनी दुकानदाराला स्पष्ट विचारावं: वॉरंटी कोण पाळणार, दुरुस्ती नाशकात की मुंबईला, आणि हप्ते फिटेपर्यंत सुटे भाग मिळतील का? उत्तर तोंडी नको, बिलावर लिहून घ्यावं.